खुसपटबाईंची नोकरी

घरात तिला सगळे खुसपटबाई म्हणत. बसण्याआधी ती खुर्ची हलवून बघायची, कुलूप लावलं की तीनदा ओढायची. सासूबाई म्हणत, "हिला स्वर्गात नेलं तरी आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल."

अशा बाईनं दुकानात माल विकायला उभं राहावं, म्हणजे कमालच. अवजारांच्या दुकानात ती सहा वर्षं होती. गिऱ्हाइकानं शिडी मागितली की ही आधी शिडीतला दोष दाखवायची. माल लावण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मालक दातओठ खात तिला ठेवून घेत.

एक दिवस शिड्यांच्या कारखान्याचे सुपरवायझर आले. आमच्या शिड्या तुमच्याकडेच का पडून राहतात, असं त्यांनी विचारलं. मालकांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"चौथ्या पायरीवर उभे राहा," ती म्हणाली, "आणि जरा डावीकडे झुका."

ते झुकले. कट्‌ असा आवाज झाला, पायरी जोडणारा रिवेट निसटून फरशीवर उडाला. तिनं दंड धरला होता म्हणून सुपरवायझर वाचले. रिवेट उचलून त्यांनी खिशात टाकला.

"आमच्याकडे याल? दिवसभर हेच करायचं."

"खुसपटं काढायची? आणि वर पगार?"

"पगार त्याचाच."

पहिल्याच सकाळी तिनं चाळीसातल्या अकरा शिड्या बाजूला काढल्या. बावीस वर्षं रिवेट ठोकणारे काका हातोडी घेऊनच आले. "बाई, माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

तिनं शिडी त्यांच्यापुढे उभी केली. "काका, तुम्हीच चढा. मी धरते."

काका तावातावानं चढले. शिडी लटपटली, तसे एकेक पायरी जपून उतरले. रिवेटच्या भोकाला डोळा लावून पुटपुटले, "ड्रिल डुलतंय. भोक मोठं पडतंय." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "उरलेल्या दहा आण."

दुपारी डबा उघडायचंही तिला सुचलं नाही. ज्या सवयीपायी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तिच्यासाठी आज माणसं शिड्या घेऊन रांगेत उभी होती.

संध्याकाळी ती घरात शिरली ती बोलतच. चपला पायात, पिशवी खांद्यावर. "अगं, श्वास तरी घे," नवरा म्हणाला.

सासूबाई भाजी चिरायच्या थांबल्या. "मग? त्या काकांना राग नाही आला?"

"आला ना. उद्या सातलाच ये म्हणालेत. पहिली शिडी निघेल तेव्हा मी तिथं हवी."