कंगवा रंगनाथ सरांचा होता

हे सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात श्रीरामपूरहून फोन आला, "रंगनाथ सर गेले," आणि आता टाळून तरी काय राखायचं, ते कळेना.

देवळाली प्रवराच्या शाळेत आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. 'हिमसेल्फ' हा शब्द मुलांच्या डोक्यात शिरत नसे. खरं तर माझ्याही नीट शिरला नव्हता. मी नियम पाठ करून घ्यायचो. सर खिशातून कंगवा काढत. आधी एखाद्या मुलाचा भांग पाडत, मग तोच कंगवा स्वतःच्या चकचकीत टकलावरून फिरवत. वर्ग हसून लोळायचा. "आता काम कुनावर झालं? करनाऱ्यावरच! तिथं हिमसेल्फ." मग 'सरपंच हिमसेल्फ' आले म्हणजे खुद्द सरपंच, आणि 'बाय हिमसेल्फ' म्हणजे एकट्यानं... तिन्ही अर्थ एका तासात.

त्या वर्षी आदर्श पाठ पाहायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पाठ सरांचाच ठरला होता. पण आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीला दवाखान्यात हलवावं लागलं आणि पाठ माझ्याकडे आला. मी कंगवा घेऊनच वर्गात गेलो. साहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" मी म्हणालो, "माझीच." का म्हणालो, ते आजही उमगत नाही. सरांचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

त्या पाठावर मी तालुक्याचा मार्गदर्शक शिक्षक झालो. पहिल्याच प्रशिक्षणात मागच्या बाकावर रंगनाथ सर बसले होते आणि स्वतःचाच धडा वहीत उतरवून घेत होते. चहाच्या वेळी जवळ आले. "अप्पा, झ्याक शिकवलं. पन तुमाला केस हायेत ना, म्हनून कुनी हसलं न्हाई." खांद्यावर थाप मारून निघून गेले. तो टोमणा होता, माफी होती, की नुसती थट्टा? पुढेही ते माझ्याशी तसेच मोकळे वागत राहिले. भांडले असते तर सोपं झालं असतं...

गेल्या दिवाळीनंतर मनाशी ठरवून त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळलेले. "आज कशी वाट वाकडी केली, अप्पा?"

"सहज," म्हणालो. मग गुडघ्यांचं बोललो, उसाचं बोललो. निघताना त्यांनीच विचारलं, "काय सांगायचं हुतं का?"

मी खाली वाकून चपला शोधत होतो. "नाही हो, काही नाही."

सर, तो पाठ तुमचा होता. माझं चुकलं... एवढंच म्हणायचं होतं.