मेल येत नाहीत

शुक्रवारी आम्ही फोरम नव्या सॉफ्टवेअरवर हलवला. सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन बघितलं तर पहिल्या पानावर सगळ्यात वर एकच विषय: 'जुनं परत द्या'. खाली नऊ पानं उत्तरं.

फोरम म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. मोबाइलवरचे ग्रुप यायच्या आधी लोक वेबसाइटवर जमायचे. एकाने विषय टाकायचा, बाकीच्यांनी त्याखाली लिहायचं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमची कंपनी मीरा रोडला, हाटकेशमधल्या एका गाळ्यात होती. खाली पत्र्याचे डबे बनायचे, वर आम्ही सहा जण वेबसाइट बनवायचो. मी सीनियर डेव्हलपर. सीनियर म्हणजे चार वर्षांचा अनुभव.

हा फोरम डॉमनिक अंकलचा. उत्तनचे, शाळेत क्लार्क होते, तेव्हा रिटायर झालेले. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी निगेटिव्ह गटाचं रक्त शोधत ते चार दिवस वणवण फिरले होते. निगेटिव्ह गट फार थोड्या लोकांचा असतो. पुन्हा कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी भाच्याकडून ही साइट बनवून घेतली. वसईपासून दहिसरपर्यंतचे रक्तदाते त्यावर होते. 'रक्त हवं आहे' असा एक विभाग होता. बाकी मग वाढदिवस, पाककृती, भांडणं, सगळं चालायचं. जुनं सॉफ्टवेअर मोडकळीला आलं होतं, रोज त्यात कुठल्या कुठल्या जाहिराती घुसायच्या. बदलणं भागच होतं.

लोक मात्र खवळले. मरून रंग जाऊन निळा का आला? अक्षर बारीक का? नावापुढचे स्टार कुठे गेले? एका आजोबांनी लिहिलं, 'आमचं घर पाडून तुम्ही लॉज बांधलंत.' दोघातिघांनी दुसरा ग्रुप काढायची धमकी दिली. मला नाव घेऊन शिव्याही पडल्या.

आमचे बॉस भावेशभाई हसले. "स्मिता, टेन्शन मत ले. यूजर लोग को चेंज पसंद नहीं आता. पंधरा दिवस थांब, सगळे गप होतील."

मलाही तेच शिकवलेलं होतं. मी एक एक्सेल शीट केली. प्रत्येक तक्रारीपुढे प्रकार लिहायचा: रंग, फॉन्ट, सवय, इतर. ठरलेली उत्तरं तयार ठेवली. तक्रार आली की उत्तर चिकटवायचं आणि पुढे जायचं.

त्याच सोमवारी वीणा केणी नावाच्या बाईंनी एक ओळ लिहिली होती: 'मला मेल येत नाहीत.'

जुन्या फोरममध्ये एक सोय होती. 'रक्त हवं आहे'मध्ये कोणी काही टाकलं की नाव नोंदवलेल्या दात्यांना आपोआप मेल जायचा, त्यामुळे तो विभाग उघडून सहसा कोणी बघत नसे. नव्यातही ती सोय होती. मी एक नवीन खातं उघडलं, नोंदणी केली, चाचणीची पोस्ट टाकली. मिनिटभरात मेल आला. म्हणजे चालत होतं. मी वीणाबाईंना उत्तर चिकटवलं: 'कृपया स्पॅम फोल्डर तपासा.'

बुधवारी त्यांनी पुन्हा लिहिलं. मी तेच उत्तर पुन्हा दिलं.

तिसऱ्यांदा त्यांनी जरा सविस्तर लिहिलं. स्पॅममध्ये काही नाही. ऑफिसात ही साइट उघडत नाही, फक्त मेल उघडतो. घरी कॉम्प्युटर नाही. हे मी सायबर कॅफेत बसून लिहितेय. कोणाला रक्त लागलं तर मला कळणार कसं?

ती तक्रार मी 'इतर'मध्ये टाकली आणि खाली तेच उत्तर चिकटवलं. त्या दिवशी रंगावरून एवढा गोंधळ चालू होता की मरून रंग परत आणायचा की नाही यावर आमची तासभर मीटिंग झाली. आम्ही मरून रंग परत आणला. लोक जरा निवळले. भावेशभाई म्हणाले, "देखा?"

पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी डॉमनिक अंकलचा फोन आला.

"बाय, गोडदेवची मनीषा नाईक. तिचा भाऊ संदेश, त्याने आपल्या साइटवर टाकलेलं. ओ निगेटिव्ह."

"हो अंकल?"

"कोण गेला न्हाय. एक पण न्हाय. ऑपरेशन पुढे ढकललं. शनिवारी ती गेली."

 अंकल पुढे म्हणाले, "आपले लोक असे न्हाय. एवढ्या वर्षांत असं कधी झालं न्हाय. तू जरा बघ."

मी बघितलं. संदेशची पोस्ट व्यवस्थित होती: हॉस्पिटल, वॉर्ड, मोबाइल नंबर. मग मी मेल गेलेल्यांची यादी काढली. त्यात एकच पत्ता होता, माझ्या चाचणीच्या खात्याचा.

साइट हलवताना आम्ही डेटाबेस उचलतो. डेटाबेस म्हणजे सगळ्या माहितीचं कपाट. सभासद, पोस्ट, फोटो, सगळं त्यात असतं. पण अंकलच्या भाच्याने मेलवाल्या दात्यांची यादी कपाटात ठेवलीच नव्हती. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होती. मी कपाट हलवलं, फाइल तिथेच राहिली. माझं खातं नवीन, म्हणून मला मेल आला. जुन्या एकाही दात्याला गेला नाही.

यादी चढवायला वीस मिनिटं लागली. पण घाई झाली होती. न गेलेले मेल सॉफ्टवेअरने रांगेत धरून ठेवले होते, ते आधी काढून टाकायला हवे होते. ते सुचलंच नाही. यादी चढली, आणि साचलेले सगळे मेल एकदम सुटले. संदेशच्या पोस्टचाही.

दुपारभर त्याचा फोन वाजत राहिला. दहिसरहून, नायगावहून, काशीमिऱ्याहून. "ओ निगेटिव्ह हवंय ना? मी निघतोय, कुठल्या वॉर्डात येऊ?" बहीण जाऊन तीन दिवस झाले होते. प्रत्येकाला तो तेच सांगत होता. शेवटी त्याने अंकलना फोन केला आणि अंकलनी मला.

"बाय, काय झालं? खरं सांग."

भावेशभाई शेजारी उभे होते. त्यांनी वहीवर लिहून माझ्यापुढे धरलं: सर्व्हर प्रॉब्लेम बोल.

मी म्हणाले, "अंकल, यादी माझ्याकडून राहिली. आणि आत्ताचे मेलही माझ्या चुकीने गेले."

 मग अंकल म्हणाले, "हे तू फोरमवर लिही. मी लिहिलं तर लोक मला माफ करतील. ते बरोबर न्हाय."

भावेशभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी लिहिलं. दहा ओळी, स्वतःच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी वीणाबाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या, खांद्याला ऑफिसची बॅग. हातात तीन प्रिंटआउट होते, त्यांच्या तीन तक्रारी आणि खाली माझी उत्तरं.

"तुम्हीच का स्मिता मॅडम?"

मी उठून उभी राहिले.

"माझा ओ निगेटिव्ह. मी गोडदेवलाच राहते. नाईकांची बिल्डिंग माझ्या गॅलरीतून दिसते. शनिवारी खाली गर्दी दिसली. मला वाटलं, कोणीतरी म्हातारं माणूस गेलं असेल."

"वीणाताई, मी..."

"तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. त्यासाठी नाही आले." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "मला एवढंच विचारायचंय, तिसरं तरी वाचलं होतं का तुम्ही?"

"वाचलं होतं," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि न वाचण्यापेक्षा वाईट होतं.

त्या मान हलवून जिना उतरून गेल्या.

डॉक्टरांनी नंतर अंकलना सांगितलं, ऑपरेशन वेळेवर झालं असतं तरी खात्री नव्हती. अंकलनी ते मला सांगितलं. माझं मन हलकं व्हावं म्हणून असेल. तसं झालं नाही.

फोरमवर माझ्या पोस्टखाली दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही. रंगावरून शिव्या देणारेही गप्प होते. तिसऱ्या दिवशी संदेशने लिहिलं: 'आम्हाला वाटलं होतं, ताईसाठी कोणी आलं नाही. ती पण हेच समजून गेली. निदान आता आईला सांगता येईल की कोणाला कळलंच नव्हतं.' त्याखाली फोरम पुन्हा सुरू झाला, पण हळूहळू. बरेच जुने लोक परत आले नाहीत. वीणाताई राहिल्या. वर्षभराने अंकलनी साइट दुसऱ्या कंपनीकडे दिली. त्यांचं बरोबरच होतं.

त्यानंतर मी बऱ्याच साइट हलवल्या. प्रत्येक वेळी लोक चिडतात, आणि बहुतेक वेळा ते रंगावरूनच चिडतात, हेही खरं आहे. मी आता तक्रारींची शीट करत नाही. साइट हलवायच्या आधी चार-पाच जुन्या सभासदांना फोन करते आणि तुम्ही ही साइट नेमकी कशी वापरता, कुठून वापरता, एवढंच विचारते. क्लायंट म्हणतात, यात उगाच एक दिवस जातो. जातो.