ऑड्रीचा डे ऑफ

इंग्लंडात हॅलिफॅक्सला आमच्या भिंतीला भिंत लागून ऑड्री बिन्स राहते. वय अठ्ठावन्न. घरबसल्या एका शब्दकोशासाठी वाक्यं लिहिते. इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी पोरांना एखादा शब्द वाक्यात कसा वापरायचा ते कळावं, म्हणून प्रत्येक शब्दाची चार वाक्यं. अट एकच, माणसं खरोखर बोलतात तसं हवं. म्हणून ती प्रत्येक वाक्य आईला वाचून दाखवते. विनिफ्रेडबाई नव्वदीच्या, सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ ठणठणीत. "असं कोण बोलतं गं?" म्हणाल्या की वाक्य बाद.

मार्चमध्ये ऑड्रीच्या वाट्याला नेमका 'डे ऑफ' हा शब्द आला. मला हसूच फुटलं. सात वर्षांत ही बाई अर्ध्या तासाच्या बाजारापलीकडे कुठे गेलेली नाही, कारण आईला पोटच्या पोरांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नाही. पण त्या गुरुवारी तिचा भाऊ क्लाइव्ह लीड्सहून येणार होता आणि ऑड्री व्हिटबीला जाणार होती, समुद्र बघायला. तिकीट काढून ठेवलेलं. तीन वाक्यं तिने बुधवारीच उरकली: नर्सचा डे ऑफ, बस ड्रायव्हरचा, शाळेतल्या आचाऱ्याचा.

गुरुवारी सकाळी तिला स्टेशनवर सोडायला गेले, तर ही कोट घालून फोनजवळ उभी. क्लाइव्हची कंबर धरली होती म्हणे. हिच्या सुट्टीलाच बरी धरते मेल्याची.

"मी बसते की," मी म्हटलं. "विनिफ्रेडबाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तू गुणाची आहेस गं," म्हातारी म्हणाली, "पण माझे कपडे तू बदलायचे नाहीस. राहीन पडून ओलीच संध्याकाळपर्यंत. जाऊ दे तिला."

"जा गं तू, नाटकं आहेत सगळी," मी ऑड्रीला म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

"नाटकं नाहीत," ऑड्री म्हणाली. "ती खरंच पडून राहील."

तिने कोट काढून खुंटीला लावला. आईचे कपडे बदलले, हात धुतले, टेबलाशी बसून चौथं वाक्य लिहिलं आणि रोजच्याच आवाजात वाचलं. "आईला दुसरं कुणी चालत नाही, म्हणून मी डे ऑफ घेत नाही."

विनिफ्रेडबाईंनी डोळे मिटून थोडा विचार केला.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "असंच बोलतात माणसं."