वायरमन आला की चालते, गेला की बंद

मित्रहो, आज डोकं पार आउट झालं आहे.

लाकडाचे दांडे गोल घडवाले नवी खराद मशीन घेतली. बारशाचा पाळणा द्यायचा आहे, म्हणून सकाळीच चालू केली. तं नुसती घुंऽऽ करे, फिरेच ना.

वायरमनले बोलावलं. त्यानं बटन दाबलं अन् मशीन सुरू! "सलीमभाऊ, काहीच फॉल्ट नाही," म्हणे. तो गेला अन् पुन्हा तेच. दुपारी परत बोलावलं, परत सुरू. तिसऱ्यांदा तं तो हसाले लागला. "मले चहा पाजाले बोलावता काय?"

संध्याकाळी माह्या ध्यानात आलं. वायरमन दिसला की शेजारचे रामभाऊ आपली पिठाची चक्की बंद करून मदतीले धावत येतात. बिचारे बॅटरी धरून उभे राहतात. चक्की बंद, म्हणून व्होल्टेज पुरते. वायरमन गेला की ते चक्कीवर जातात, अन् माही मशीन थंड.

वायरमनले फोन केला तं म्हणे, "लाइनीवर लोड लय आहे, गल्लीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोठी लागन. ते आपल्या हातात नाही."

त्याईचं पोट चक्कीवर, माहं मशीनवर. कोण कोणाले म्हणन, तू बंद कर म्हणून?

आत्ताच ते अंगावरचं पीठ झटकत दारात आले. "सलीम, सापडला का रे फॉल्ट?"

"नाही ना, रामभाऊ," म्हटलं.

"सापडन, सापडन. उद्या त्याले बोलाव, मी येतोच."

तुमी असता तं काय सांगितलं असतं?