पोपटांनी सोडलेली जागा

गणवेश शिवणाऱ्या मावशींची खिडकी घरामागच्या मोकळ्या जागेवर उघडायची. तिथे रोज दुपारी सात पोपट उतरत. ओरडणं नाही, भांडण नाही. माना खाली घालून, गवतातलं बी टिपत गोल गोल चालत राहायचे. ते मुकं चालणं बघून मावशींच्या अंगावर काटा यायचा. चार वर्षांची नात तिथेच खेळायची. लेक कामावरून येईपर्यंत पोर मावशींच्या जिवावर. पाखरं रोगट तर नसतील?

चित्र काढता येईना, म्हणून त्यांनी कागदावर चिंध्या टाचल्या. डोक्याला लाल, गालाला पांढरी, पोटाला पिवळी, खांद्याला निळी, पाठीला काळ्यावर पिवळट खवल्यांची.

तो कागद बघून वाचनालयातले काका हसले. "मावशी, हा पोपट आहे की गोधडी?"

"हसू नका हो. पोर खेळतं तिथं."

काकांनी पुस्तक उघडून एकेक रंग जुळवला. "रोझेला. ऑस्ट्रेलियातले पोपट. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटून रानटी झालेले असतील. जमिनीवरच चरतात. बी असेल तिथं जाणार, नसेल तिथं फिरकणार नाहीत. निर्धास्त राहा."

मावशी निर्धास्त राहिल्या, त्या दुसऱ्या दुपारपर्यंत. पोपट मधलं चटईएवढं वर्तुळ सोडून चालत होते. एकही आत पाऊल टाकत नव्हता.

"मध्ये का गं जात नाहीत?"

"ती माझी जागा आहे," नात म्हणाली. "माझ्यासाठी ठेवतात." आणि अनवाणीच पळाली.

बी नाही, म्हणजे गवत धरत नाही. गवत धरत नाही, म्हणजे खाली माती नाही. कापड मोजायचा लोखंडी गज हातात होता, तो घेऊनच मावशी धावल्या. नात बाहेरून वळसा घालून वर्तुळाच्या पलीकडच्या कडेला पोचली होती. मावशींनी अलीकडून गज टेकवला. वरच्या धुळीखालची कुजकी फळी ओल्या पुठ्ठ्यासारखी फाटली, गज निसटला. बराच वेळ काहीच नाही. मग फार खाली पाणी वाजलं.

"आजी, आले!" नातीने पाय उचलला.

ओरडलं तर दचकून पुढेच येईल. मावशी कशाबशा हसल्या. "अशी नाही गं, ठकूताई. पोपटांसारखी ये. गोल."

सात पोपटांमागे आठवी, अशी ती काठाकाठाने आली.

आता विहिरीवर सिमेंटचं झाकण आहे. मावशी कापड फितीने मोजतात. कुणी विचारलंच, "मावशी, गज कुठे?" तर सुईत दोरा ओवत म्हणतात, "खाली माप घ्यायला गेलाय. अजून वर आला नाही."