तीन तारांची सतार

शर्टांच्या कारखान्यात तिच्याइतकी सुबक कॉलर कुणालाच जमत नसे, म्हणून सगळे तिला कॉलरताईच म्हणायचे. कामावरून घरी आली की तिचे हात सतारीवर चालायचे. मग एके सकाळी डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय सावरला, पण डावा हात लाकडासारखा झाला.

"हाताला काम द्या," डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं कपाटावरची सतार पुसून तिच्यापुढे ठेवली. बोट नेमकं टेकेना, धक्का लागून भलतीच तार झणाणायची.

"उचला ही ब्याद!" ती ओरडली. "सासूबाईंनीसुद्धा इतकं छळलं नव्हतं!"

नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि गुपचूप तिला सतार शिकवणाऱ्या बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी आल्या आल्या विचारलं, "सतार म्हणजे काय गं?"

"सतार म्हणजे सतार."

"फारसीत 'से' म्हणजे तीन. से-तार, तीन तारांची. त्याचंच आपल्या तोंडी सतार झालं. बाकीचं हे लटांबर मागाहून आलंय." बोलता बोलता त्या खुंट्या सैल करून तारा काढू लागल्या.

"अहो बाई, बोडकी दिसेल!"

"दिसू दे. नावाला तर जागेल!"

तीनच तारा उरल्या. अडखळायला जागा कमी झाली, तरी सुरुवातीला असा आवाज निघे की शेजारीण खिडकी लावून घेई. पण कॉलरताई हट्टाला पेटली. तर्जनी दांडीवरच्या पडद्यावर दाबायची, घसरली की पुन्हा दाबायची. एका दुपारी गंधार लागला, स्वच्छ, खणखणीत. नवरा साबणाच्या हातांनी मोरीतून धावत आला आणि दारातच थबकला.

कारखान्याच्या संमेलनात तिनं स्वतःहून नाव दिलं. मशीन दुरुस्त करणारे काका स्टेजजवळ कुजबुजले, "ताई, तारा तुटल्यात गं!"

"तुटल्या नाहीत काका, काढल्यात. सतारीच्या नावातच तीन आहेत. तीन पुरेत."

तिनं एक साधीच धून धरली. पहिला सूर जरा कापरा निघाला. दुसऱ्या सुरापासून हात मोकळा झाला. खुर्च्यांची कुरकुर थांबली. धून संपली, तशी इस्त्रीवाल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या आणि मागून गलका उठला, "वन्समोअर!"

खांदा भरून आला होता. तरी ती पदर खोचत म्हणाली, "घ्या मग!" आणि लय वाढवून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.