चूल उपाशी राहिली तेव्हा

हल्ली नातवंडं बेकरीतून केक आणतात आणि वर मलाच विचारतात, "आज्जी, कसा झालाय?" तुम्ही केलात का मेल्यांनो, म्हणजे मी सांगू! केक करायला मी येसूमावशीकडं शिकले. सांगलीच्या बोर्डिंगात, पासष्ट सालच्या नाताळात. आणि तो केक बिघडवण्यात माझाही हात होता, तेही आधीच सांगून टाकते.

येसूमावशी आमच्या मिशनच्या बोर्डिंगची स्वयंपाकीण. मूळची माण तालुक्यातली, दहिवडीकडची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. अंगानं काटकुळी, पण आवाज असा, की ती नुसती खाकरली तरी हौदावरच्या मुली मुकाट्यानं तोंड धुवायला लागत. वर्षभर आम्हांला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी. नाताळाआधीचे आठ दिवस मात्र ती आम्हांला आत घ्यायची. करंज्या लाटायला, खोबरं किसायला, बेदाण्यांची देठं काढायला. निम्मे बेदाणे आमच्या पोटात जायचे. "चोरट्या कुठल्या!" म्हणून ती ओरडायची आणि मुद्दाम पाठ करून उभी राहायची. त्या आठ दिवसांत ती चक्क गाणी म्हणायची. सव्वीस तारखेला आम्ही आपापल्या गावी गेलो, की ती आठवडाभर कुणाशी बोलायची नाही, असं माळीदादा सांगायचे.

केक दरवर्षी पुण्याहून यायचा. त्या वर्षी साखर रेशनवर, मैदा मिळेना, बेकरीवाल्यानं नाही म्हणून कळवलं. येसूमावशी पटकन बोलून गेली, "आमी करतो की! रवा हाय, गूळ हाय, पोरी हायत्या."

आमच्या सुपरिंटेंडेंट चारुलताबाई भारी शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "करा. पण पाहुण्यांसमोर फजिती झाली, तर पुढच्या वर्षीपासून मुली स्वयंपाकघरात दिसणार नाहीत. हा पसारा कायमचा बंद."

येसूमावशीचं तोंड एवढंसं झालं. केकचं तिला काय हो! आमचे आठ दिवस जातील, याची धास्ती घेतली तिनं.

मग काय, आम्ही कंबर कसली. केक भाजायला कृष्णेची वाळू आणली, धुतली, वाळवली, चाळली. बोर्डिंगच्या कोंबड्यांची अंडी चार दिवस कुणाला खाऊ दिली नाहीत. नाताळच्या सकाळी मावशीनं रवा, लोणी, किसलेला गूळ आणि अंडी परातीत घेतली आणि आम्ही आळीपाळीनं फेसायला बसलो. "ए पाटणकरीण, हाताला मेंदी लावलीया का? हलीव की जोरात!" हे मला. मी पाटणची, म्हणून तिच्या लेखी मला दुसरं नावच नव्हतं.

मिश्रण डब्यात ओतलं, डबा वाळूच्या पातेल्यात बसवला, पातेलं चुलीवर चढवलं, झाकणावर निखारे ठेवले. "कुनी हात लावायचा न्हाई. तासभर श्वास सुदिक हळू घ्या," असं बजावून मावशी बाईंकडं पाहुणे किती येणार ते विचारायला गेली. आम्ही परातीवर तुटून पडलो. पाच मिनिटांत परात अशी चाटली, की घासायची गरज उरली नाही.

आमच्यात सगळ्यांत धाकटी हौसा, सात वर्षांची, तीही माणातलीच. तीच एकटी चुलीकडं बघत उभी होती.

इथं एक सांगायला हवं. येसूमावशी दर रविवारी चर्चला जायची, पण काहीही केलं की पहिला घास चुलीत टाकायची. तिच्या आईची रीत. बाईंना ते खपायचं नाही. "प्रार्थना करतो ना आपण? मग चुलीला कसला घास?" असं त्या म्हणायच्या. म्हणून मावशी गुपचूप टाकायची. आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी केकच्या धसक्यानं ती पहिल्यांदाच विसरली. परातीत आम्ही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. हौसानं सांडशीनं झाकण उचललं, चमचाभर मिश्रण काढलं आणि चुलीत टाकलं. झाकण कललं, राख आणि दोन निखारे थेट केकवर!

मावशी आणि बाई एकदमच दारात आल्या. केक मधोमध बसला होता, वर राख.

"झाकण कुणी उघडलं?" बाईंनी विचारलं.

"म्या," येसूमावशी म्हणाली. अगदी सरळ, बाईंच्या डोळ्यांत बघून.

"न्हाई वं बाई!" हौसा रडायलाच लागली. "म्या उघाडलं. चूल उपाशी हुती. मावशी रोज पयला घास देती, आज द्यायची ऱ्हायली."

झालं! आता मावशीची चोरी उघडी पडली. बाईंनी चूल बघितली, हौसाला बघितलं आणि निघून गेल्या. मावशी मटकन खाली बसली. "गेलं गं पोरींनो," एवढंच म्हणाली. मला परातीची इतकी लाज वाटली, की मी ती उगाच धुवायला घेतली.

पण रडत बसेल तर ती येसूमावशी कसली! उठली, राखेचा भाग कोरून काढला, झाकण घट्ट बसवून केक पुरता भाजला आणि मधल्या खड्ड्यात करंज्यांचं उरलेलं सारण दाबून भरलं. संध्याकाळी पाहुण्यांनी तो केक बघता बघता संपवला. चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसरा तुकडा मागितला. बाई नुसत्या बघत होत्या.

पाहुणे गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. बाईंच्या हातातल्या बशीत केकचा एक तुकडा होता. तो त्यांनी मावशीपुढं धरला आणि म्हणाल्या,

"येसूबाई, पुढच्या वर्षी मुलींना परात चाटायला द्यायच्या आधी चुलीचा घास बाजूला काढून ठेवा. झाकण उघडायची वेळ यायला नको."

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि आमच्यादेखत ढसाढसा रडली. मग डोळे पुसून आमच्यावरच खेकसली, "बघताय काय? पुढच्या वर्साला वाळू कोन आनणार, त्ये आत्ताच सांगा!"